इशारा चंदीगडला, मजूर बर्फाखाली

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या पुढे असलेल्या माणा गावाजवळ, मजुरांच्या छावणीवर डोंगरावरचा बर्फ कोसळला. सीमा सडक संघटनेच्या रस्त्यावरचा बर्फ हटवण्यासाठी आणलेले हे मजूर होते. आठ लोखंडी कंटेनर आणि एक शेड, एवढाच त्यांचा निवारा. बिहार, उत्तर प्रदेश, हिमाचल, पंजाब, जम्मू-काश्मीर अशा ठिकाणांहून ते पोटासाठी तिथे गेले होते. ५४ जण बर्फात सापडले. लष्कराच्या आणि आयटीबीपीच्या जवानांनी जिवाची पर्वा न करता तीन दिवस बर्फ उपसला. ४६ जण वाचले, आठ जण मेले. मृतांच्या नातेवाइकांना मदत जाहीर झाली, नेत्यांनी हेलिकॉप्टरमधून पाहणी केली, 'निसर्गाच्या कोपापुढे माणूस हतबल' अशी वाक्ये लिहिली गेली आणि देश पुढच्या बातमीकडे वळला.

आम्हाला मात्र इथेच थांबून एक सवाल विचारायचा आहे. कारण या प्रकरणात निसर्गाने कोणताही दगाफटका केलेला नव्हता. आदल्या दिवशी, म्हणजे २७ फेब्रुवारीच्या संध्याकाळीच चंदीगडच्या डिफेन्स जिओइन्फॉर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने इशारा दिला होता. चमोलीसह उत्तराखंडच्या पाच जिल्ह्यांत २४०० मीटरपेक्षा उंच भागात पुढच्या चोवीस तासांत हिमस्खलनाचा धोका आहे, असे त्यात म्हटले होते. माणा सुमारे ३२०० मीटरवर आहे. म्हणजे जिल्हा बरोबर, उंची बरोबर, वेळही बरोबर. आणि तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे ते मजूर त्याच उताराखाली होते. मग हा इशारा नेमका कुणासाठी होता?

हिमस्खलन म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाने एकदा समजून घेतले पाहिजे. ते समजले की 'कोप', 'दैव', 'होणारे टळत नाही' या भाषेतला फोलपणा आपोआप कळतो. डोंगरावर बर्फ एकाच वेळी पडत नाही. हिवाळाभर पश्चिमेकडून एकामागून एक वादळे येतात आणि प्रत्येक वादळ आपला एक थर टाकून जाते. हे थर सारखे नसतात. कडाक्याच्या थंडीत, स्वच्छ आकाशाच्या रात्री, आधीच्या बर्फाचे कण बदलतात. ते साखरेच्या दाण्यांसारखे सुटे होतात, एकमेकांना धरून राहत नाहीत. या कच्च्या थरावर नवे वादळ दोन-तीन फूट बर्फ टाकते. वारा त्याला दाबून त्याची लादी करतो. आता वर जड लादी आणि खाली सुटे दाणे अशी अवस्था होते. कुठेतरी एक तडा जातो, तो तडा क्षणात शेकडो फूट पळतो आणि अख्खी लादी उतारावरून सुटते. खाली येईपर्यंत ती ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेग घेऊ शकते. थांबल्यावर तोच भुसभुशीत बर्फ सिमेंटसारखा आवळतो. त्यात गाडलेल्या माणसाला हातसुद्धा हलवता येत नाही.

हे कुठे घडते आणि केव्हा घडते, हेही विज्ञानाला ठाऊक आहे. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. त्याहून सपाट उतारावर बर्फ सहसा सुटत नाही आणि त्याहून फार उभ्या कड्यावर तो साठतच नाही. वारा एका बाजूचा बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो, म्हणून त्या बाजूला दुप्पट-तिप्पट भार होतो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, जोरदार बर्फवृष्टी चालू असताना आणि ती थांबल्यानंतरचे पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सर्वाधिक जोखमीचे असतात. वादळ सरते, ऊन पडते, डोंगर सुंदर दिसू लागतो आणि नेमका तेव्हाच तो सर्वांत घातक असतो. बर्फाला बसायला, थरांना एकमेकांना धरायला वेळ लागतो. ही प्राथमिक माहिती बर्फाळ देशांतल्या शाळकरी पोरांनाही असते.

आता पाहा, वादळानंतरच्या त्या पहिल्या दोन दिवसांत डोंगरात कोण जाते? दोन प्रकारची माणसे जातात. पहिला प्रकार हौशी लोकांचा. काश्मीरमधल्या गुलमर्गला अफरवात शिखराजवळ गंडोला पोहोचतो. तिथून ताज्या बर्फावर स्की करण्यासाठी जगभरातून लोक येतात. ताजा बर्फ हेच त्यांचे आकर्षण. त्यांच्यावरही संकट येते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवातच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीपटू मेले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथेच एक रशियन स्कीपटू मेला. या मृत्यूंचे आम्हाला दुःखच आहे. परंतु त्या जगात काय व्यवस्था असते ते बघा. अनुभवी स्कीपटू सकाळी धोक्याची पातळी पाहून निघतो. युरोप-अमेरिकेत ती एक ते पाच अशा अंकांत सांगितली जाते. त्याच्या छातीवर बीकन नावाचे छोटे यंत्र असते, जे बर्फाखालूनही संदेश देत राहते. पाठीवर घडीचे फावडे आणि बर्फात खुपसून माणूस शोधण्याची लांब सळई असते. सोबतीला वाटाड्या असतो. आणि या सगळ्यांहून मोठी गोष्ट त्याच्यापाशी असते. ती म्हणजे 'आज मी जाणार नाही' असे म्हणण्याची मोकळीक. तो हॉटेलात बसून चहा पितो आणि परवा जातो.

दुसरा प्रकार मजुरांचा. वादळानंतर मजुराला बोलावणे येते, कारण वादळाने रस्ता बंद केलेला असतो. ज्या दिवशी शहाणा माणूस उतारापासून लांब राहतो, नेमका तोच त्याच्या कामाचा दिवस. त्याच्या छातीवर बीकन नसते. धोक्याचा आकडा त्याला कुणी सांगत नाही. त्याचा मुक्काम कुठे ठेवायचा हे तो ठरवत नाही, कंत्राटदार आणि साहेब ठरवतात. आणि त्याने 'आज मी जाणार नाही' म्हटले तर त्या दिवसाची मजुरी बुडते, उद्या कामावर घेतील याची खात्री राहत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की, बर्फाच्या थरांइतकाच इथे समाजाच्या थरांचाही हिशेब मांडावा लागतो. बर्फ कुणाची जात पाहत नाही, हे खरे आहे. पण त्या उताराखाली कुणाला झोपवायचे हे बर्फ ठरवत नाही, माणसे ठरवतात.

हिमालयातले सीमेवरचे रस्ते कोण बांधते? १९६० साली सीमा सडक संघटना स्थापन झाली, तेव्हापासून हे रस्ते हजारो हंगामी मजुरांच्या हातांनी उभे राहिले. लडाखच्या रस्त्यांवर झारखंडच्या संथाल परगण्यातले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राबत आले आहेत. २०२० च्या जूनमध्ये, टाळेबंदीनंतर लाखो मजूर पायपीट करत घरी परतले होते, तेव्हा याच रस्त्यांसाठी दुमका येथून खास रेल्वेगाडी सोडून दीड हजारांहून अधिक मजूर लडाखकडे नेण्यात आले. घरी परतणाऱ्या मजुरासाठी सुरुवातीला गाडी नव्हती, कामावर नेण्यासाठी मात्र होती! ज्यांना जमीन नाही, गावात काम नाही, ज्यांच्या पोरांना शाळा परवडत नाही, तेच लोक दहा-अकरा हजार फुटांवर पत्र्याच्या खोक्यात झोपायला तयार होतात. हा शौर्याचा नव्हे, नाइलाजाचा इतिहास आहे.

माणाची घटना पहिलीच असती तर आम्ही एवढे कठोर लिहिले नसते. त्याच चमोली जिल्ह्यात २३ एप्रिल २०२१ रोजी नीती खोऱ्यातल्या सुमना येथे, जोरदार बर्फवृष्टीनंतर, सीमा सडक संघटनेच्याच छावणीवर हिमस्खलन कोसळले होते. लष्कराने ३८४ जणांना वाचवले, तरी डझनाहून अधिक मजुरांचे मृतदेह बर्फातून काढावे लागले. त्याच्या अडीच महिने आधी, ७ फेब्रुवारी २०२१ रोजी, त्याच जिल्ह्यात खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा तुटून ऋषिगंगा आणि धौलीगंगेला पूर आला. दोनशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्यांत वीजप्रकल्पांवर काम करणारे मजूर मोठ्या संख्येने होते, काही तर तपोवनच्या बोगद्यातच गाडले गेले. त्या घटनेचे कारण वेगळे होते, ते वादळानंतरचे हिमस्खलन नव्हते, हे आम्ही मान्य करतो. परंतु एकाच जिल्ह्यात चार वर्षांत तीन वेळा मजुरांच्या छावण्या आणि कामाच्या जागाच सापडतात, याला योगायोग म्हणायचे काय? त्याआधी २००५ च्या फेब्रुवारीत काश्मीरच्या दक्षिण भागातले वाल्टेंगू हे डोंगरातले गरीब गाव हिमवादळानंतर गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे मेली. सुमनाहून शहाणपण घेतले असते तर माणा घडले नसते.

कुणी म्हणेल, महाराष्ट्राला बर्फाचे काय? बर्फाशी आमचा संबंध रक्ताचा आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनच्या सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळून दहा जवान गेले. त्यांतला एक जवान सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातला होता, पाण्यासाठी वणवण करणाऱ्या दुष्काळी मातीतला. २०१७ च्या जानेवारीत काश्मीरच्या गुरेझ आणि माछिल भागांत सुमारे वीस जवान बर्फाने नेले. त्यांत अकोला, परभणी, सातारा जिल्ह्यांतल्या घरांचे दिवे विझले. सैन्यात भरती होणारी ही पोरे कोणत्या घरांतून येतात, हे आमच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. जवानाला निदान शहिदाचा मान मिळतो, तिरंगा मिळतो, गावात स्मारक होते. त्याच डोंगरात, त्याच रस्त्यासाठी मरणाऱ्या मजुराला काय मिळते?

आणि बर्फ नसला म्हणून उतार सुटतो थोडाच! ३० जुलै २०१४ रोजी माळीण, २२ जुलै २०२१ रोजी तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. आपल्याकडे बर्फाच्या जागी चिखल येतो, एवढाच फरक. इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वस्ती तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. म्हणजे तिथे धोका ओळखलाच गेला नाही आणि माणाला ओळखलेला धोका उपयोगी पडला नाही. दोन्हीकडे किंमत मात्र उताराखालच्या माणसानेच चुकवली.

आता या व्यवस्थेच्या समर्थकांचे युक्तिवाद तपासू. पहिला युक्तिवाद देशाच्या संरक्षणाचा. सीमेवरचे रस्ते हवेत, ते हिवाळ्यातही उघडे हवेत, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु वादळानंतर रस्ता दोन दिवस उशिरा उघडला तर देश बुडत नाही. आणि छावणी धोक्याच्या उताराखालून हलवली तर रस्त्याच्या कामात काय अडथळा येतो? कामाची जागा डोंगर ठरवतो, पण झोपण्याची जागा तर माणूस ठरवू शकतो! माणाचे मजूर पहाटे सापडले, तेव्हा ते रस्त्यावर फावडे मारत नव्हते, छावणीत होते. हा मुद्दा कुणी नजरेआड करू नये.

दुसरा युक्तिवाद असा की, लोखंडी कंटेनरमुळेच इतके जण वाचले. हे खरे आहे. बर्फात गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर दहापैकी नऊ जण जगतात. अर्ध्या तासानंतर तिघांतला जेमतेम एक उरतो. माणाचे मजूर कितीतरी तासांनंतरही जिवंत निघाले, कारण कंटेनरच्या पोकळीत हवा होती. मग यातून काय शिकायचे? भक्कम निवारा जीव वाचवतो, हेच ना? मग तो भक्कम निवारा सुरक्षित जागी उभा करा आणि पत्र्याच्या शेड बंद करा. नशिबाने जे वाचले त्याला नियोजन म्हणू नका.

तिसरा युक्तिवाद, हिमस्खलन अचूक सांगता येत नाही. अमुक मिनिटाला अमुक कडा सुटेल हे सांगता येत नाही, हे बरोबर. पण कुठे झोपू नये, हे सांगता येते. स्वित्झर्लंडकडे पाहा. १९५०-५१ च्या हिवाळ्यात तिथे हिमस्खलनांनी ९८ माणसे मेली. त्या देशाने दैवाला दोष दिला नाही. डोंगरांचे नकाशे केले, धोक्याच्या पट्ट्यांना रंग दिले आणि लाल पट्ट्यात घर बांधायला बंदी घातली. उतारांवर बर्फ अडवणाऱ्या पोलादी रांगा उभ्या केल्या. १९९९ च्या फेब्रुवारीत पुन्हा तसाच भयानक बर्फ पडला, तेव्हा मृतांचा आकडा १७ वर राहिला. त्यातले बारा जण एव्होलेन या एकाच गावात मेले. तिथल्या न्यायालयाने काय केले? रस्ता बंद करण्यात आणि घरे रिकामी करण्यात हयगय केल्याबद्दल गावचा प्रमुख आणि सुरक्षा अधिकारी यांना दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. तिथे 'कोप' म्हणून फाईल बंद झाली नाही. आपल्याकडे कोणत्या अधिकाऱ्याला, कोणत्या कंत्राटदाराला अशी शिक्षा झाली, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

आपल्याकडे ज्ञानाची वाण नाही. मनालीला हिम आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था १९६९ सालीच स्थापन झाली. तिचेच आजचे रूप म्हणजे चंदीगडची ही संस्था. शास्त्रज्ञांनी आपले काम केले. त्यांचा इशारा संगणकावरून जिल्हा कार्यालयात जातो. पुढे कार्यालयापासून मजुराच्या बिछान्यापर्यंतचा जो शेवटचा टप्पा आहे, तिथे व्यवस्था संपते. पाण्याचा नळ, शाळा, दवाखाना, न्याय, या सगळ्यांच्या बाबतीत आम्ही तेच अनुभवत आलो आहोत. सगळे काही दिल्लीहून, मुंबईहून निघते आणि वस्तीच्या वेशीवर थांबते.

माणाच्या घटनेत आणखी एक गोष्ट आम्हाला फार बोचली. सुरुवातीला ५७ मजूर अडकल्याचे सांगितले गेले. मग आकडा ५५ झाला. मग एक जण आधीच हिमाचलला आपल्या घरी गेल्याचे कळले आणि आकडा ५४ झाला. बर्फाखाली किती माणसे आहेत, हेच यंत्रणेला नक्की माहीत नव्हते! ज्याची हजेरी नीट नाही त्याचा शोध तरी नीट कसा होणार? आणि उद्या त्याच्या विधवेने नुकसानभरपाई मागितली तर ती कोणता कागद दाखवणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ च्या डिसेंबरमध्ये ते धनबादच्या कोळसा क्षेत्रात गेले आणि मजूर कुठे काम करतो, कुठे राहतो हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. पुढे संविधानाच्या ४२ व्या कलमात कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती निर्माण करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या सुरक्षाविषयक संहितेत, जिवाला तातडीचा धोका वाटल्यास कामगाराला तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालण्याची तरतूद आहे. ठीक आहे. पण ज्याला धोक्याची माहितीच दिली जात नाही, तो कळवणार काय? आणि मजुरी बुडण्याची टांगती तलवार असेल तर तो बोलणार कसा?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. हिमस्खलनाच्या मार्गात मजुरांची एकही छावणी असता कामा नये. काम सुरू होण्यापूर्वीच छावणीची जागा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी आणि त्या कागदावर जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी. धोक्याचा इशारा मुकादमापर्यंत आणि प्रत्येक मजुरापर्यंत त्याला कळेल अशा भाषेत, हिंदीत, संथालीत, नेपाळीत पोहोचावा आणि तो किती वाजता पोहोचला याची नोंद ठेवावी. इशाऱ्याच्या दिवशी काम बंद राहावे आणि त्या दिवसाची पूर्ण मजुरी मिळावी. ही शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. कारण मजुरी बुडणार नसेल तरच मजूर 'नाही' म्हणू शकतो. बर्फात काम करणाऱ्या प्रत्येकाला बीकन द्यावे, टोळीत फावडी आणि शोधसळया असाव्यात आणि त्या वापरण्याचे शिक्षण असावे. हेलिकॉप्टर वादळात उडत नाही आणि पहिल्या पंधरा मिनिटांत जीव वाचवू शकतो तो शेजारचा साथीदारच. रोजची हजेरी छावणीबाहेरही एका ठिकाणी नोंदलेली असावी. आणि यांपैकी काही न करता माणसे मेली तर गुन्हा नोंदवला जावा.

यांतली कोणतीही गोष्ट खर्चाच्या नावाखाली नाकारता येणार नाही. एका बोगद्यावर हजारो कोटी खर्च करणाऱ्या देशाला मजुराच्या छातीवरचे यंत्र परवडत नाही, हे आम्ही मानायला तयार नाही. प्रश्न पैशाचा नाही. ज्याच्या श्रमावर रस्ता उघडतो त्याच्या जिवाची किंमत आपण किती धरतो, हा आहे.

दर हिवाळ्यात हिमालयात बर्फ पडतो. चंदीगडहून इशारे निघतात. त्या रात्री कुठल्या ना कुठल्या उताराखाली मजूर झोपलेले असतात. तो इशारा वाचून कुणीतरी त्यांना उठवायला गेले पाहिजे. ते काम कुणाचे, हे सरकारने नाव घेऊन सांगावे.